सातपट दोर

होडी घेतली तेव्हा मी एकसष्टचा,
चौतीस वर्षं शाळेची बस चालवलेली,
लुनेनबर्गच्या चढांवरून, बर्फातून, पोरांसकट.
वाटलं, चाक म्हणजे चाक.
"पाण्याला ब्रेक नसतो, डेल्विन,"
व्हर्ना कॉरकम म्हणाली,
आणि पहिले तीन दिवस
तिनं इंजिनाला हात लावू दिला नाही.

तिच्या स्वयंपाकघरात, टेबलाच्या पायाशी,
मी गाठी मारत बसलो.
दोराचं टोक वेढ्यातून वर,
उभ्या दोरामागून वळसा,
आल्या वाटेनं परत.
ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणायची,
"चुकली."
"ओढली की आवळते
आणि सोडायची म्हटली की सुटते, ती गाठ.
बाकी सगळा गुंता."

चौथ्या दिवशी धक्का.
ही लाल दोरी मनगटाला बांध,
तू पडलास तर इंजिनही बंद पडू दे.
माणूस पाण्यात आणि रिकामी होडी
त्याच्याभोवती गोल गोल,
असं मी एकदा पाहिलंय,
म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.
मग जाकीट.
"अंगात घाल. बाकाखाली ठेवलेलं जाकीट
फक्त बाकाला वाचवतं."

आणि कागद.
कुठे, कोण कोण, परत किती वाजता.
तो तिच्या फ्रिजवर, लॉबस्टरच्या चुंबकाखाली.
मला हसू यायचं.
बसच्या वेळापत्रकातून सुटलो
आणि पुन्हा वेळापत्रकातच.

ऑगस्टचा मंगळवार. कागदावर: एकटाच, टँकूकपर्यंत, चार वाजता.
जाताना बेटं मोजली होती,
येताना ती एकेक पुसली गेली.
धुकं आलं तसं नाहीच वाटलं,
जग गेलं असं वाटलं.
'मर्टल'चं नाकसुद्धा दिसेना
(नाव आधीच्या मालकाच्या बायकोचं,
खरवडायला मन झालं नाही).

माझा पाय ॲक्सिलरेटर शोधत होता.
चौतीस वर्षांची सवय: पोरं वेळेत घरी.
होडीत तो नसतोच,
पाय आपला फळी दाबत राहिला.
मग हातानं वेग उतरवला.
भोंगा, दर दोन मिनिटांनी एक, लांब.
रहदारीच्या वाटेतून बाजूला सरलो,
खोली पाहिली: वीस फूट.

वीस फूट पाण्याला एकशे चाळीस फूट दोर.
इतका दोर सोडताना जीव वरखाली होतो,
माझ्यासारख्या चिक्कूचा तर फारच.
साठावर हात थांबला.
मग बटाट्यांवरून आवाज आला,
"चुकली."
सोडला सगळा.
नांगरानं तळ धरला, दोर ताठ झाला,
होडीनं वाऱ्याकडे तोंड केलं आणि गप्प बसली.

रेडिओवर सोळा नंबरला सांगितलं:
संकट नाही, थांबलोय, व्हर्नाला कळवा.
चार वाजून दहा मिनिटं.
तिनं दिलेली जेवणाची घंटा वाजवत राहिलो,
मिनिटामिनिटाला पाच सेकंद, भराभर,
जणू सगळ्या उपसागराला जेवायला बोलावतोय.
एक मोठं इंजिन आलं. जवळ. आणखी जवळ.
मी घंटा थांबवलीच नाही.
ते मंदावलं. धुक्यातून आवाज: "कोण?"
"मर्टल! नांगरावर!"
"राहा तसाच," आणि ते बाजूनं गेलं.
माणूस दिसलाच नाही,
फक्त डिझेलचा वास आणि एक लाट.

सहाला उजाडल्यासारखं झालं.
मी जिकडे घर धरून बसलो होतो
तिकडे उघडा अटलांटिक होता.
होकायंत्र पहिल्यापासून दुसरीकडे बोट दाखवत होतं,
मीच त्याला बिघडलेलं ठरवलं होतं.

धक्क्यावर व्हर्ना, हातात कागद.
"चार लिहिलंयस."
"हो."
"दोर किती सोडलास?"
"सातपट."
"बरं."
खिशातून पेन्सिल काढून
'परत'समोर तिनं खूण केली,
दोनदा, कारण पहिली उमटली नाही.
तेव्हा दिसलं, एप्रनवर तिनं
जाकीट चढवलं होतं,
कोरड्या लाकडावर उभी,
तिन्ही बकलं लावून.